रिस्पाला न सापडलेलं हाड

हिवेगी टेकडीच्या उतारावर सकाळची उन्हं तिरपी असताना एखादी बाई कमरेत वाकून चालताना दिसली, की ती रिस्पा आओको, हे आमच्या रुसिंगा बेटावर कुणाला सांगावं लागत नसे. दोन्ही हात पाठीमागे गुंतवलेले, नजर पायांपुढे हातभर अंतरावर, आणि चाल इतकी सावकाश की मागून येणारी शेळीसुद्धा कंटाळून बाजूने निघून जाई. उन्हं तिरपी असली की लहानशा दातालाही सावली पडते, आणि रिस्पा दात शोधत नसे, सावली शोधत असे. ऊन डोक्यावर आलं की ती सरळ उभी राहायची, कंबर दाबायची आणि म्हणायची, "झालं. आता सगळे दगड सारखेच."

आमचं अंगण एकमेकींना लागून. मध्ये शेराचं कुंपण आणि त्याला शेळ्यांनी पाडलेलं एक भगदाड. त्या भगदाडातून आम्ही उभ्या आयुष्यात मीठ, विस्तव आणि गप्पा यांची देवाणघेवाण केली. ती गेम्बेहून लग्न होऊन इथे आली तेव्हा मी शाळेत शिकवायला नव्याने लागले होते. तिची पहिली तीन बाळं वर्षाच्या आतच गेली. चौथं झालं तेव्हा तिच्या सासूने आमच्याकडची जुनी युक्ती केली. नाळ कापल्या कापल्या बाळ केळीच्या पानावर ठेवलं, पान नेऊन उकिरड्यावर ठेवलं आणि मोठ्याने ओरडून विचारलं, "हे आम्हाला नको असलेलं पोर कुणी नेतं का?"

ठरल्याप्रमाणे मी कुंपणाआड उभी होते. म्हटलं, "मला चालेल." मी त्याला उचललं, घरी नेलं, कानातली राख पुसली आणि संध्याकाळी परत आणून दिलं. "पोर माझं आहे हो, तुम्ही फक्त सांभाळा." मरणाला वाटावं, हे कुणाचंच नाही, याला नेऊन काय उपयोग. अशा मुलाचं नाव ओविती ठेवतात, म्हणजे फेकलेला. ओविती जगला. मोठा झाल्यावर भगदाडातून आत येऊन माझ्या चुलीपाशी बसायचा आणि म्हणायचा, "बाई, मी तुमचा माल आहे. वाढा काहीतरी."

तेव्हापासून आम्ही सगळे रिस्पाला मिन-ओविती म्हणू लागलो, ओवितीची आई.

नवरा लवकर गेला. मग ती उताराखालच्या तंबूंत पाणी भरायला जाऊ लागली. तिथे नैरोबीच्या संग्रहालयाची माणसं दर मोठ्या पावसानंतर येत. पावसाने उतार धुपला की दगड झालेली हाडं उघडी पडत. पावणेदोन कोटी वर्षांपूर्वी इथे जंगल होतं, आणि त्या जंगलात बिनशेपटीची वानरं राहत. माणूस अजून व्हायचा होता, त्याच्याही फार आधीची ती. पलीकडचा ज्वालामुखी राख ओकायचा आणि राखेखाली जे सापडेल ते दगड होऊन राही. हे सगळं रिस्पाला नंतर कळलं. आधी तिने फक्त पाण्याचा हंडा खाली ठेवला, दम खायला बसली आणि बसल्या जागी बोटाएवढं काहीतरी दाखवून म्हणाली, "हा दगड नाही. याला मुळं आहेत." तो वानराचा सुळा निघाला. दुसऱ्या दिवसापासून पाणी दुसऱ्या कुणीतरी भरलं.

संग्रहालयाचा मुतिसो तेव्हा तरुण होता. तो पूर्वेकडचा, कोरड्या मुलुखातला, आणि त्याला मासा चालत नसे. आमच्याकडे हे म्हणजे माणसाला पाणी चालत नाही म्हणण्यासारखं. रिस्पा त्याला चिडवायची, "मुतिसो, ओमेना खाल्ले असतेस तर डोळे तरी चालले असते. आता पाय देऊ नकोस, तुझ्या टाचेखाली जबडा आहे." ओमेना म्हणजे आमचे बोटभर लांबीचे चंदेरी मासे. मुतिसो दचकून पाय उचलायचा, खाली काही नसायचं, आणि ती हसत सुटायची.

त्यांच्या कामाचा एक नियम होता, आणि तो तिने देवाच्या शब्दासारखा पाळला. सापडलेलं उचलायचं नाही. शेजारी चार दगडांची छोटी उतरंड रचायची आणि हाक मारायची. मुतिसो सांगायचा की हाड जागेवरून हललं की मुकं होतं. तिची हाक म्हणजे लग्नात बायका जीभ हलवून काढतात तो लांब किणकिणता सूर. तो उतारावरून ऐकू आला की खाली गाव म्हणायचं, "घ्या, मिन-ओवितीच्या आणखी एका माकडाचं लग्न लागलं."

मी तिला एकदा शाळेत बोलावलं. ती वर्गापुढे उभी राहिली, खडू हातात घेतला आणि परत ठेवला. म्हणाली, "मुलांनो, मांस जातं. केस जातात. नावसुद्धा जातं. हाड राहतं. कुठेही असलं तरी पाऊस त्याला एक दिवस वर आणतो. आपण फक्त खाली बघत चालायचं." मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

ओविती मासेमारीला लागला. मफांगानो बेटावरची मिल्का त्याने लग्न करून आणली. पहिल्या वर्षी ती दोघं माझ्या अंगणात इतकी खिदळायची की मला त्यांना वर्गातल्या मुलांसारखं गप्प करावं लागे. मग एका संध्याकाळी दिवे घेऊन ओमेनाला गेलेली होडी वादळात उलटली. होडीतले दुसरे दोघे तिसऱ्या दिवशी वर आले आणि आपापल्या दारात पुरले गेले. ओविती आला नाही.

ज्याचं शरीर सरोवर देत नाही त्याच्यासाठी आमच्याकडे यागो पुरतात. यागो म्हणजे झाडाला लांब दोरीने टांगल्यासारखं लोंबणारं, भोपळ्याएवढं जड, करडं फळ. त्याला धुतात, कापडात गुंडाळतात, पेटीत ठेवतात, त्याच्यापुढे रडतात आणि दारात पुरतात. त्यानंतर मेलेला माणूस घरी आला असं धरतात आणि मागे राहिलेल्यांना पुढे जाता येतं.

रिस्पाचा थोरला दीर ओगोला चार म्हाताऱ्यांना घेऊन आला आणि झाडाखाली बसला. मी भगदाडापाशी उभी होते.

"मिन-ओविती," ओगोला म्हणाला, "यागो आणायला माणसं पाठवू ना?"

"भावोजी, माझा मुलगा भाजी आहे का?"

"आपल्या आज्या-पणज्यांनी हेच केलं."

"त्यांना हाडं शोधायला कुणी शिकवलं नव्हतं."

"तू शिकलीस म्हणून काय सरोवर उपसणार आहेस?"

"उपसायचं कशाला? तेच आणून देईल. कोटी वर्षांची माकडं पाऊस माझ्या पायाशी आणून ठेवतो. माझा परवाचा मुलगा कुठे जाईल?"

एक म्हातारा पुटपुटला, "माकडांत राहून बाई..." आणि ओगोलाच्या नजरेने थांबला.

ती हट्टी नव्हती. हट्टी बाई मी ओळखते, मी स्वतः एक आहे. तिला खरोखर माहीत होतं असं तिला वाटत होतं. हाड राहतं. तिने स्वतःच्या बोटांनी ते पाहिलं होतं. आमच्या सबंध बेटावर ही चूक करू शकेल अशी ती एकटीच होती.

मग ती पहाटे उतारावर आणि दुपारी किनाऱ्यावर चालू लागली, तशीच वाकून, हात पाठीमागे. त्या वर्षी जलपर्णीने अख्खी खाडी झाकली होती. हिरवं गालिचासारखं पसरलेलं, खाली काय आहे ते दिसू न देणारं. ती लांब काठीने जलपर्णी उचलून उचलून पाहायची. कोळी आधी तिला वाट करून द्यायचे. नंतर त्यांनी तिच्याकडे पाहणं सोडलं, जसं रोज दिसणाऱ्या दुःखाकडे आपण पाहणं सोडतो.

मिल्काचं काय झालं ते तिला दिसत नव्हतं. किंवा दिसत होतं आणि सहन होत नव्हतं. नवऱ्याला पुरलेलं नाही तोवर बाई विधवासुद्धा नाही. तिने डोकं भादरायचं नाही, दुसऱ्या कुणाचा उंबरा ओलांडायचा नाही, आणि माहेरचा तर मुळीच नाही. ओलांडला तर त्या घरात कुणीतरी झिजून मरतं. मिल्काची आई पलीकडे मफांगानोला पोटात पाणी होऊन पडली होती. मफांगानो आमच्या किनाऱ्यावरून दिसतं. संध्याकाळी तिथल्या चुलींचा धूरही दिसतो. मिल्का आमच्या भगदाडापाशी यायची, पण आत पाऊल टाकायची नाही. मी तिला नाचणीची पेज कुंपणावरून द्यायची.

"बाई, आज होडीवाला काय म्हणाला?"

"म्हणाला, तुझी आई बसून जेवली."

"खोटं बोलता तुम्ही. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, नाक फुगतं."

मग ती मफांगानोकडे तोंड करून बसून राहायची. केस वाढून जटा झाल्या होत्या. अंगावरचं लुगडं तेच. तिला हसताना पाहिलेली मी, तिच्याकडे पाहताना दुसरीकडे बघायची.

एका दुपारी ती गोणपाटाचं बोचकं घेऊन सासूच्या अंगणात आली. ताकाविरी बेटाच्या वाळूत एका कोळ्याला माणसाची हाडं सापडली होती. मिल्कानेच त्याला सांगून ठेवलं होतं, काहीही दिसलं तर आण. बातमी तिच्याआधी पोचली होती. ओगोला आला, म्हातारे आले, बायका आल्या. कुणीतरी सुताराला निरोपही धाडला.

रिस्पाने लव्हाळ्याची चटई अंथरली. बोचकं सोडलं. पहिला प्रश्न तिने विचारला तो, "कुठे होती? कशी पडली होती?"

"वाळूत, आई," मिल्का म्हणाली. "त्याने उचलली आणि आणली."

"उचलायला नको होती." पण ती खाली बसली आणि एकेक हाड चटईवर मांडू लागली. पायाकडून वर. मांडीचं, कंबरेचं, फासळ्या. तिची बोटं इतकी अलगद चालत होती, की रडायला तयार होऊन आलेल्या बायकाही गप्प झाल्या. मग जबडा तिच्या हाती आला. तिने अंगठा दातांवरून फिरवला. अंगठा पुढच्या बाजूला येऊन थांबला.

तिने तो तिथून पुन्हा एकदा फिरवला. मग म्हणाली, "भावोजी, तोंड उघडा."

ओगोला जागचा हलला नाही.

"उघडा ना."

म्हाताऱ्याने तोंड उघडलं. खालचे पुढचे सहा दात नव्हते. त्याच्या पिढीत पोरगा वयात आला की ते काढत. आमच्या पिढीत ती चाल मोडली. चटईवरच्या जबड्यातही त्याच सहा दातांची जागा रिकामी होती, आणि हाड केव्हाच भरून गुळगुळीत झालेलं होतं.

"हा तुमच्या वयाचा कुणीतरी आहे," रिस्पा म्हणाली. "कुणाचा तरी बाप. माझ्या पोराचे दात सगळे होते."

ओगोलाने मान खाली घातली. "मी पाहिलं होतं," तो म्हणाला. "बोचकं सोडलं तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

"कशाला बोलू? पोरगी मोकळी झाली असती."

तेव्हा मिल्का बोलली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आई, एकट्या तुम्हालाच कळलं होतं ना? आणि काकांना. ते गप्प बसले. तुम्हाला नसतं का बसता आलं? एकदा. माझ्यासाठी एकदा खोटं खरं मानलं असतं तर तुमचं काय गेलं असतं?"

"गिळलं असतं मी, मिल्का. कसंतरी गिळलं असतं. पण मग मी शोधायचं थांबले असते. आणि तो तिकडे पडून राहिला असता, कुणीच बघायला नसताना."

"तो नाही तिकडे!" मिल्का म्हणाली. "तो कुठेच नाही. मी आहे. मी इथे आहे. माझी आई तिथे आहे."

तिने चटईकडे पाठ केली आणि आपल्या झोपडीत गेली. त्यानंतर कित्येक दिवस ती सासूशी बोलली नाही. त्या अनोळखी म्हाताऱ्याला ओगोलाने पोलीस पाटलाला कळवून शेराच्या कुंपणाबाहेर पुरलं. रिस्पा तिथे गेली, आणि त्याच्या मातीशेजारी तिने चार दगडांची उतरंड रचली. कुणी शोधत आलं तर सापडावा म्हणून.

मोठा पाऊस येऊन गेला. मुतिसो तंबू घेऊन आला. आता त्याचेही केस पिकले होते. होडीवाल्याने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की मिल्काची आई आता माणसं ओळखत नाही. ते मी मिल्काला सांगितलं नाही. रिस्पाला सांगितलं. ती ऐकून घेऊन उठली आणि काही न खाता उताराकडे गेली.

दुपार चढली तरी ती खाली येईना. मी पेजेचा डबा घेऊन वर गेले. ती एका घळीत मांडी घालून बसली होती. समोर दगडांची उतरंड रचलेली. पण हाक मी ऐकली नव्हती. गावात कुणीच ऐकली नव्हती.

"काय सापडलं?"

तिने बोट दाखवलं. मातीतून अर्धवट डोकावणारा, माझ्या करंगळीएवढा जबडा. पिवळसर, चकचकीत. दातांच्या बारीक ओळीखाली एका चिरेतून आणखी एक दात दिसत होता, वर यायच्या तयारीत असलेला.

"दुधाचे दात आहेत," ती म्हणाली. "पोर आहे."

पेज तिने घेतली नाही. तेवढ्यात मुतिसो घळीच्या काठावर आला. "मावशी, तुमची हाक नाही आज? मी म्हटलं झोपलात की काय." मग त्याला दिसलं. तो पोटावर आडवाच झाला, चष्मा कपाळावर सारून, नाक मातीला लागेल इतका जवळ. त्याचा आवाज पोरासारखा झाला. "मावशी! अहो, पिल्लू आहे! इतकं लहान आजवर एकच पाहिलंय मी. इतकं लहान टिकतच नाही हो!"

"याची आई कुठे आहे?"

"आई?" तो हसला. त्याची नजर जबड्यावरून हलत नव्हती. "आई कुठली मिळायची? गेली."

"म्हणजे अजून वर आली नाही."

"नाही हो, गेलीच ती. श्वापदांनी चावली असेल, उन्हाने भुगा झाला असेल, नदीत विरघळली असेल. या जंगलात वानरांच्या किती पिढ्या झाल्या, विचार करा. त्यांतलं लाखात एक हाड टिकलं म्हणालो तरी जास्तच होईल. एखाद्यावर नेमकी वेळेत राख पडली म्हणून ते राहिलं. बाकीची नाहीत."

"नाहीत म्हणजे अजून सापडायची आहेत."

"नाहीत म्हणजे नाहीत, मावशी. ती आता कुठेच..."

आणि मग त्याने मान वर केली. त्याला ओविती माहीत होता. लहानपणी ओविती त्याच्या तंबूच्या दोऱ्यांवर झोके घ्यायचा. मुतिसो उठून बसला, चष्मा हातात घेतला, आणि एवढा शिकलेला माणूस त्या चष्म्याचं काय करावं ते न सुचून नुसता बसला.

"आणि सरोवरात?" रिस्पाने विचारलं.

"सरोवराचं मला नक्की सांगता येणार नाही."

"येईल. तुला येईल."

वाऱ्याने घळीतली धूळ उडून जबड्यावर बसली आणि मुतिसोने सवयीने फुंकर मारून ती उडवली.

"माझ्याशी इतकी वर्षं बोललास," रिस्पा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला धीर आला असता. "मासे खात नाहीस म्हणून तुला किती हसले मी. एकदाही नाही सांगितलंस."

"मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. आमच्यात सगळ्यांना ठाऊकच असतं ते."

"मला कसं ठाऊक असणार? मी जन्मभर सापडलेलीच बघितली. जी नाहीत ती कुणी दाखवली मला?"

मी त्या दिवशी वर्गात वाजवलेल्या टाळ्या मला आठवल्या. मीही मुलांना तेच शिकवत आले होते, हाड राहतं.

ती उठली. लुगड्याची धूळ झटकली. उतरंडीतला एक दगड कलला होता, तो सरळ केला. मग ती उतरू लागली, आणि पहिल्यांदाच मी तिला त्या उतारावर सरळ मानेने, समोर बघत चालताना पाहिलं. दोनदा ती ठेचकाळली. मी हात धरला तर तिने धरू दिला.

घरी न जाता ती ओगोलाच्या अंगणात गेली. तो जाळं दुरुस्त करत बसला होता.

"भावोजी, यागो आणा."

म्हाताऱ्याने जाळं खाली ठेवलं.

"मी येते. मी दाखवते कुठलं."

यागोचं झाड शाळेमागे आहे. मी तिथे सावलीत मुलांच्या वह्या तपासायची. रिस्पा त्या झाडाभोवती फिरली, मान वर करून. खाली बघणाऱ्या बाईला वर बघताना त्रास होत होता, ते तिच्या मानेवरून दिसत होतं. मोठमोठी फळं तिने सोडून दिली. शेवटी एक दाखवलं, फार मोठं नव्हतं. ओगोलाच्या माणसाने देठ कापला, दुसऱ्याने ते खाली झेललं.

तिने ते घरी नेऊन कोमट पाण्याने धुतलं. ओवितीचा एक जुना शर्ट तिच्याकडे होता, त्यात गुंडाळलं. मिल्का झोपडीच्या दारात उभी राहून पाहत होती. रिस्पा तिच्याकडे न बघता म्हणाली, "उद्या डोकं भादरून घे आणि आईला भेटून ये. घाई कर. बाई तुला सांगत नाहीत, पण घाई कर."

मिल्काने माझ्याकडे पाहिलं. माझं नाक फुगलं असणार. ती तिथेच उंबऱ्यावर बसली आणि आतापर्यंत अडवून धरलेलं सगळं रडली. ओवितीसाठी की आईसाठी, तिलाही सांगता आलं नसतं.

खड्डा ओवितीच्या दाराच्या उजव्या अंगाला खणला. गाव जमलं. मुतिसोही आला, सगळ्यांच्या मागे उभा राहिला. बायकांनी आक्रोश केला. तो खरा होता. फळापुढे केला म्हणून तो खोटा ठरत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. पेटी उघडी ठेवून ओगोला रिस्पाकडे वळला.

"मिन-ओविती, आत ठेवायला कुणाला सांगू?"

रिस्पाने माझ्याकडे पाहिलं. "बाई, उकिरड्यावरून तुम्हीच उचललं होतं त्याला. ठेवाही तुम्हीच."

मी ते शर्टातलं ओझं हातांवर घेतलं. ते जड होतं. फार नाही, पण हातांना ओळखीचं वाटावं इतकं जड. मी पेटीपाशी वाकले आणि अडले. मेलेल्याचं डोकं कुठल्या बाजूला करायचं हे आमच्याकडे ठरलेलं आहे. या फळाचं डोकं कुठलं? मी ओगोलाकडे पाहिलं. त्याने म्हाताऱ्यांकडे. म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. इतकी यागो पुरली, पण हे विचारायची वेळ कुणावर आली नव्हती, किंवा ज्यांच्यावर आली होती ते आता नव्हते. सगळं अंगण थांबलं.

रिस्पा पुढे आली. शर्टाची कॉलर बाजूला सारून तिने बोटाने चाचपडलं, जसं ती उतारावर हाड चाचपडायची, आणि म्हणाली, "देठाकडे. ज्या बाजूने तो लोंबत होता ना, तिकडे डोकं."

मी तसं ठेवलं. तिने कॉलर सारखी केली, वरचं बटण लावलं. मग पेटी बंद झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिल्काचं डोकं भादरलं. उघड्या डोक्याची ती एकदम शाळकरी पोर दिसू लागली. ती भगदाडातून माझ्या अंगणात आली, आत पाऊल टाकलं, आणि माझ्या गळ्यात पडली. मग आम्ही तिला किनाऱ्यावर पोचवायला गेलो. मफांगानोवर धूर दिसत होता. तो कुठल्या घराचा, ते एवढ्या लांबून कुणालाच सांगता येत नव्हतं. होडीवाल्याने जलपर्णी वल्ह्याने बाजूला सारली, होडी मोकळ्या पाण्यात घेतली. मिल्का मागे वळून न बघता पुढे बसली होती.

होडी ठिपक्याएवढी झाली. मी हात हलवायचा थांबवला. रिस्पा माझ्या शेजारी उभी होती, आणि तिने हात हलवलाच नव्हता. तिचे दोन्ही हात पाठीमागे गुंतवलेले होते. ती होडीकडे बघत नव्हती. जलपर्णीच्या कडेला, जिथे पाणी वाळूला लागतं, तिथे ती बघत होती.

"चल ना, घरी जाऊ," मी म्हटलं.

"तुम्ही व्हा पुढे, बाई," ती म्हणाली. "उन्हं अजून तिरपी आहेत."